एक नंबर

हनुमान सरांना 'रिअल टाइम' म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं न्हाई, अन् हे मी त्यांच्या तोंडावर सांगायला तयार हाय. त्यांना वाटायचं रिअल टाइम म्हणजे फास्ट. "आम्रपाली, आपली सिस्टीम एकदम फास्ट पाहिजे हं," असं दिवसातनं चार वेळा. अहो सर, फास्ट न्हाई, वेळेवर! एसटी किती का जोरात पळंना, आपण स्टँडवर उभं असताना ती आली तर तिचा उपयोग. एवढी साधी गोष्ट. पण सांगणार कुणाला? ह्यांनी एका दोन दिवसांच्या ऑनलाइन शिबिराचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला टांगलेलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस.

मी त्यांच्या हाताखाली. बीडजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे काम पूर्ण दिवसाचं अन् खुर्ची अर्धीच. कॉलेजात 'नवोपक्रम केंद्र' हाय. एक खोली, तीन टेबलं, अन् दारावरचा बोर्ड खोलीपेक्षा मोठा. बोर्डावर केंद्रप्रमुख म्हणून सरांचं नाव. त्या खोलीत जे काय होतं ते मी करते, हे बोर्डावर लिहायला जागा उरली नसंल.

कुट्टीच्या पेटीची कल्पनाबी माझीच. आमचं घर लिंबागणेशला, माझे वडील बन्सी मोटारी भरून देतात. जळालेली मोटार आणा, तांब्याची तार नवीन गुंडाळून न्या. मागच्या वर्षी पालीचे बंकटमामा कडबा कुट्टीची, म्हणजे वैरण कापायच्या यंत्राची, मोटार घेऊन आलते. पूर्वी त्यांची मेंढरं होती, आता आठ म्हशी हायत. संगं त्यांची बायको साखराबाई होती. तिचा उजवा हात पदराखाली झाकलेला. पाणी देताना मी बघितलं, अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासनं न्हवती. कडब्याची पेंडी आत ढकलताना रोलरनं वढून नेली. मी बघतेय हे बघून तीच म्हणाली, "मोटार भरून मिळती गं पोरी. बोटं कुटं भरून मिळत्यात?"

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी मी भरलेली मोटार पोचवायला पालीला गेले, तर मोटार बसवल्याबरोबर तीच बाई त्याच मशीनपुढं उभी राहून पेंड्या घालत होती. कावून म्हणून विचारू नका. आठ म्हशी काय उपाशी ठेवायच्या?

मी तिला शब्द दिला. मावशी, राहिलेला हात जाऊ देणार न्हाई.

पेटी अशी हाय. मनगटाला एक पट्टा बांधायचा, त्यात लोहचुंबक. कुट्टीच्या तोंडाशी एक सेन्सर. पट्टा तोंडाच्या आत गेला की सेन्सरला कळतं, पेटीतली नखाएवढी चिप मोटारीची वीज तोडती अन् चाकाला ब्रेक लावती. हे सगळं हात पात्यापर्यंत पोचायच्या आत. थोडंबी उशिरा झालं तर ते वरातीमागून घोडं. मोटार बंद पडंल, पण बघायला बोटं नसतील.

आता ही चिप एका वेळी एकच काम करू शकती. अन् कामं ढीगभर. म्हणून तिच्यावर एक मुकादम बसवायचा असतो, त्याला आरटीओएस म्हणतात. घरात बाई एकटी असती, तव्यावर भाकरी, पाळण्यात लेकरू, दारात पाहुणा, खिशात वाजणारा फोन. सगळं करायचंच, पण भाकरी आत्ता उलटली न्हाई तर करपणार. फोन थांबू शकतो. कोणतं काम आदी अन् कोणतं मागनं, हे हा मुकादम ठरवतो, अन् महत्त्वाचं काम आलं की हातातलं काम टाकून तिकडं पळायला लावतो. बस, एवढंच. ह्याच्यात फास्ट कुठं आलं, सर?

मी कधी आरटीओएस वापरलेली न्हवती. एक बोर्ड मागवला, इंग्रजी पुस्तक उघडलं अन् पहिल्या दिवशी दोन दिवे लुकलुकवले, एक हळू, एक जोरात, दोघंबी आपापल्या चालीनं. शिकणारा प्रत्येक जण इथनंच सुरुवात करतो. सरांनी त्या दिव्यांचा व्हिडिओ काढला अन् कॉलेजच्या ग्रुपवर टाकला, 'आमच्या केंद्राचे क्रांतिकारी संशोधन'. खाली त्रेचाळीस अंगठे अन् हात जोडलेले. दिवे लुकलुकले त्याची क्रांती! लग्नाच्या मांडवातबी लुकलुकतात की.

मंग सरांना कल्पना सुचली. सरांना कल्पना सुचली की माझं पोट दुखायला लागतं. पेटी चालू झाली की शेतकऱ्याच्या फोनवर एसएमएस गेला पाहिजे, संस्थेच्या अध्यक्षांच्या नावानं. त्या एसएमएसचा प्रोग्राम सरांनी स्वतः लिहिला, दुसरीकडनं उचलून. मी म्हणलं, "सर, हात वाचवायच्या पेटीत अध्यक्ष कशाला?" तर म्हणाले, "तुम्हाला प्रेझेंटेशन कळत नाही, मॅडम."

मॅडम म्हणले की समजायचं, चिडलेत.

बरं. प्रत्येक कामाला एक नंबर द्यावा लागतो, त्याच्यावरनं मुकादमाला कळतं कुणाचा मान किती. हाताच्या राखणीला मी एक नंबर दिला. समोरच्या पडद्यावर अक्षरं दाखवायची, त्याला तीन. अन् सरांच्या एसएमएसला पाच. मुद्दाम पाच. सगळ्यात शेवटी बसा म्हणलं, चपला ठेवतात तिथं. तो पाच टाइप करताना मला जे समाधान झालं, ते दिवाळीच्या फराळानंबी झालं नसतं.

वडिलांकडनं एक जुनी कुट्टी खोलीत आणली अन् कडब्याच्या धाटाला पट्टा बांधून वीस वेळा घालून बघितलं. वीस वेळा चाक जागेवर थांबलं. सर सिमकार्ड आणायला विसरलेले, त्यामुळं एसएमएसचं काम 'सिम न्हाई' म्हणून लगेच गप्प बसायचं. मी म्हणलं, बरंच झालं, कटकट गेली.

गुरुवारी पालीला कार्यक्रम ठेवला, बंकटमामांच्या गोठ्यापुढं. बॅनर आला, नारळ आला, पेढे आले, ह्या वेळी सरांचं सिमकार्डबी पेटीत आलं, एक पाहुणे आले, त्यांना आणखी दोन ठिकाणी उद्घाटनं होती म्हणून ते आल्यापासनं घड्याळच बघत होते. सरांनी भाषणात सतरा वेळा आरटीओएस म्हणलं. बंकटमामा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "पोरी, ह्याच्यात आरटीओ कावून आला? आता कुट्टीलाबी पासिंग लागतंय व्हय?"

मला हसू आवरंना. मी म्हणलं, "न्हाई मामा, ह्यो दुसरा. ह्यो पैसे खात न्हाई."

मंग सरांनी माइकवर जाहीर केलं, "आता साखराबाई स्वतः आपला हात यंत्रात घालतील, आणि आपण चमत्कार पाहाल!"

मला विचारलेलं न्हवतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईची दोन बोटं त्याच तोंडात गेली, तिला चार माणसांपुढं उभं करून हात घाल म्हणायचं? पण खरं सांगते, रागाचं कारण तेवढंच होतं. पेटीची काळजी मला वाटली न्हाई. माझ्या पेटीवर माझा एवढा भरवसा होता.

साखरामावशी जागची हलली न्हाई. सरांकडं बघितलं न्हाई. माझ्याकडं बघून म्हणाली, "आदी तू घाल."

"घालते की!" मी म्हणलं. अन् हसले. आता आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावंसं वाटतं, पण मी हसले. पट्टा घेतला, उजव्या मनगटाला बांधला. बंकटमामांनी स्टार्टर दाबला, पेटीचा हिरवा दिवा लागला, चाक घुमायला लागलं. सर मोबाइल काढून शूटिंगला उभे. मी हात पुढं केला. तोंडापासनं वीतभर राहिला असंल.

तेवढ्यात माझं कोपर कुणीतरी गच्च धरलं. तीन बोटांची पकड, पण अशी की हात हलंना.

"थांब बये," साखरामावशी म्हणाली. "हसत हसत कोन हात घालतंय त्याच्यात?"

सर ओरडले, "अहो बाई, शूटिंग चालू आहे!" तिनं ऐकलंच न्हाई. माझ्या मनगटाचा पट्टा सोडला, कडब्याचं एक जाड धाट उचललं, त्याला बांधला, अन् धाट तोंडात सरकवलं.

चाक थांबलं न्हाई.

कर्रर्र आवाज झाला. धाट आत गेलं, पट्टा आत गेला, चुंबक पात्यावर आपटून खण्णकन वाजला अन् पलीकडच्या ढिगात तुकडे पडले. चाक घुमतच होतं. मी पेटीकडं बघत उभी, हिरवा दिवा तसाच. मंग बंकटमामांच्या खिशातला फोन टिंग वाजला. अन् तो वाजल्यावर, त्याच्यानंतर, मोटारीची वीज तुटली, ब्रेक लागला, चाक थांबलं.

बंकटमामांनी फोन डोळ्यांपासनं लांब धरून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. "अध्यक्षांतर्फे अभिनंदन. आपली कुट्टी सुरू झाली आहे. आपला हात आता सुरक्षित आहे."

एक म्हैस हंबरली.

सरांनी लगेच माइक घेतला. "नेटवर्कचा किरकोळ प्रॉब्लेम आहे, खेडेगावात असं होतं." नाचता येईना अन् अंगण वाकडं! पालीच्या नेटवर्कनं धाट कापलं का काय? पाहुण्यांनी एक पेढा तोंडात अन् एक हातात घेतला अन् पुढच्या उद्घाटनाला गेले. मी पालथ्या घमेल्यावर बसले, मांडीवर लॅपटॉप घेतला. मनात म्हणलं, आता सापडले सर. ह्यांच्याच प्रोग्रामात घाण असणार. आज ह्यांची सगळ्यांपुढं अब्रू काढते.

घाण होतीच. सरांचं काम नेटवर्कची वाट बघताना झोपायला पाहिजे, म्हणजे दुसऱ्याला पाळी मिळती. ते झोपतच न्हवतं, 'गेला का, गेला का' असं सारखं विचारत चिपला धरून बसलेलं. पण त्यानं काय बिघडतं? ते तर पाच नंबरला. एक नंबरचं काम आलं की मुकादम त्याची मानगूट धरून बाजूला करणार. सेन्सरनं पट्टा बघितलेला, राखणदाराला हाक मारल्याची नोंदबी होती. हाक मारली अन् राखणदाराला उठूच दिलं न्हाई, एसएमएस जाईपर्यंत. हे कसं होईल?

मी पुस्तक उघडलं. नंबराचं पान. ते पान मी पहिल्या आठवड्यात बघितलेलं, 'प्रत्येक कामाला नंबर द्या' एवढं वाचून उलटलेलं. नंबर द्यायला काय शिकायचं असतं का? त्याच पानावर, त्याच्याच खालच्या ओळीत लिहिलेलं होतं. ह्या सिस्टीममध्ये जेवढा मोठा आकडा तेवढा मोठा मान. पाच सगळ्यात वर. एक जवळपास तळाला.

आपल्याकडं आंबा चांगला निघाला की एक नंबर. पोरगी हुशार, एक नंबर. भाजीला चव आली, एक नंबर झाली बघ. जन्मापासनं कानात तेच. चिप काय बीडची न्हवती, तिला हे कुठनं कळणार? अन् तिला कळायची गरजच न्हवती. वाचायचं मी होतं. ज्या साखरामावशीला मी शब्द दिला, तिचा हात मी स्वतःच्या हातानं चपलांपाशी बसवला, अन् अध्यक्षांना पाटावर. सरांची जिरवायची म्हणून मी तो पाच टाइप केला, अन् खुशीत गालातल्या गालात हसले. वर्षभर मी सरांना नावं ठेवली की हा माणूस वाचत न्हाई, अर्धवट हाय. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. शिरा पडो माझ्या तोंडावर.

माझं मनगट बघितलं. त्याच्यावर पट्ट्याचा वळ होता अजून. मी गोठ्यामागं हौदावर जाऊन ते घासून धुतलं.

परत आले तर सर म्हणाले, "अहवालात आपण नेटवर्क लिहू. ठीक आहे ना?"

"ठीक न्हाई," मी म्हणलं. "तुमचा प्रोग्राम चुकीचा हाय, अन् माझा त्याच्यापेक्षा जास्त."

"हळू बोला, मॅडम."

हळू कशाला? मी सरळ साखरामावशीपुढं जाऊन उभी राहिले. ती पलीकडच्या ढिगातनं पट्ट्याचे तुकडे वेचत होती, म्हशीच्या पोटात जाऊ नयेत म्हणून.

"मावशी, चूक माझी हाय. एक नंबर म्हणजे सगळ्यात वर, असं समजले मी. ह्या यंत्रात एक म्हणजे खाली असतो."

"आसं कुटं आसतंय?"

"असतंय. पुस्तकात लिहिलंय. मी ते वाचलं न्हाई."

तिनं माझ्याकडं वर बघितलं. "एवडी शिकलीस," ती म्हणाली, "अन् वाचलं न्हाई?"

सरांनी मला आजवर जे काय ऐकवलं असंल, ते सगळं एका पारड्यात अन् हे एका. ती पुन्हा तुकडे वेचायला लागली.

मी घमेल्यावर जाऊन बसले. राखणीला पाच दिला, एसएमएसला एक. सरांच्या प्रोग्रामात झोपायची ओळ घातली. मंग त्या पुस्तकाचं ते पान पहिल्या अक्षरापासनं शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं, अन् त्याच्यापुढची दहा पानं. सर बॅनर गुंडाळत होते. पिशवीत दुसरा पट्टा होता, तो धाटाला बांधला. ह्या वेळी सिम आत, फोन चालू, अन् दर वेळी पेटी नव्यानं चालू करायची, म्हणजे एसएमएस नेटवर्क शोधत असतानाच धाट आत जाईल. बंकटमामा स्टार्टर दाबायचे, मी धाट घालायची. चाळीस वेळा. मामांच्या फोनवर चाळीस वेळा अभिनंदन. चाळीसच्या चाळीस वेळा चाक आदी थांबलं अन् फोन मागनं वाजला.

"झालं की आता," सर म्हणाले. एव्हाना त्यांचा हुरूप परत आलता. "एक छोटासा व्हिडिओ करून टाकू. घाला मॅडम हात."

"तुमी घाला, सर."

सरांना एकदम एक महत्त्वाचा फोन करायचा आठवला. ते गाडीकडं गेले.

ऊन कलतं झालं होतं. दावणीला म्हशी गव्हाण चाटत होत्या, कार्यक्रमापायी त्यांच्या वैरणीला उशीर झालेला. साखरामावशी पदर खोचून मशीनपाशी आली. तिनं विचारलं, "आता घालशील का हात?"

चाळीस वेळा बघितलेलं. प्रत्येक ओळ दोनदा तपासलेली. मी तोंडाकडं बघितलं, आतल्या रोलरला कडब्याचा चुरा चिकटलेला दिसत होता.

"न्हाई, मावशी."

"भ्या वाटतंय?"

"लई वाटतंय."

मंग तिनं धाटाचा पट्टा सोडून घेतला, दातात एक टोक धरून उजव्या मनगटाला आवळून बांधला, अन् पेंडी उचलली.

"मंग राहू दे तुजी पेटी हितं," ती म्हणाली. "भेनाऱ्यानंच करावं ह्ये काम."

बंकटमामांनी स्टार्टर दाबला. ती रोजच्यासारखी पेंडी सारत राहिली, हात तोंडापासनं लांब ठेवून, अन् मी भिंतीवरच्या मेन स्विचचा दांडा धरून उभी राहिले. आठ म्हशींची वैरण होईपर्यंत मी तो सोडला न्हाई.